बोडक्या माथ्याची गुरं

फॉनचा गरम वारा सुटला की इन्सब्रुकमध्ये माणसांची डोकी दुखतात आणि कुत्री विनाकारण भांडतात.

आईला काळा रंग शोभत नाही.

भर उन्हाळ्यातही इन नदीत हात घातला तर बोटं बधिर होतात.

ज्या उन्हाळ्यात कळपातलं जनावर किंवा घरातलं माणूस जातं, त्या वर्षी गुरं उन्हाळी कुरणावरून परतताना कागदी फुलांच्या नेहमीच्या मुकुटाशिवाय डोंगर उतरतात. गुरांनाही सुतक असतं.

जुन्या चौकातल्या सज्जावरच्या सोन्याच्या छपराखाली लोक माना वर करून उभे राहतात. पाकीटमारांना तेच हवं असतं.

*

जानेवारी. बाबा शहरातल्या नदीकाठच्या वृद्धाश्रमात आहेत, हृदयाचं दुखणं घेऊन. दर महिन्याला मी आमच्या खोऱ्यातून बसने त्यांना भेटायला येते.

"बुर्गी, कासियान नाही आला?"

"त्याला शहरात गुदमरतं, बाबा."

"गोठ्यात गुदमरत नाही आणि इथे गुदमरतं! गाढव."

शेजारच्या खाटेवरचे श्टेकल म्हणजे ट्रामचे निवृत्त कंडक्टर. "गाईंसकट बोलवा तुमच्या भावाला," ते मला म्हणाले. "जनावरांना अर्धं तिकीट."

एप्रिल. फॉन. समोरच्या डोंगरावरचा बर्फ एका दिवसात मळला.

"गुरं उतरली की पुढच्या गाईच्या मुकुटातलं एक फूल आण, दर वर्षीसारखं."

"बाबा, अजून गुरं वर गेलीसुद्धा नाहीत."

"म्हणूनच आत्ता सांगतोय. तू विसरभोळी."

जुलै. कुरणातून सुटलेलं वासरू आणायला गेलेला कासियान कड्यावरून घसरला. वासरू आपलं आपण परत आलं.

दफन झाल्यावर आई म्हणाली, "ह्यांना सांगायचं नाही. हृदय फुटेल त्यांचं. एका वर्षात दोन पेट्या मी बघणार नाही."

पण काळे कपडे उतरवायलाही ती तयार नव्हती. म्हणून ती माझ्याबरोबर शहरात यायची आणि नदीकाठच्या बाकावर बसून राहायची. मी वर जाऊन सांगायचे: आईचे गुडघे धरलेत, कासियान कुरणावर आहे, तिथे फोन लागत नाही. ऑगस्टमध्ये एका परक्या जोडप्याने तिला फोटो काढायला सांगितला. तिने काढला. नीट आलाय का, तेही विचारलं.

सप्टेंबर. गुरं बोडक्या माथ्याने उतरली. मी स्वयंपाकघरात बसून कागदाचं लाल फूल केलं, गवताच्या भुशात घोळवलं आणि बाबांच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी ते नाकाला लावलं.

"हे कुठल्या गाईच्या डोक्यावर नव्हतं."

"होतं की. फ्लेकाच्या."

"मग घामाचा वास कुठाय?"

"अहो, बसमध्ये उडाला असेल," श्टेकल म्हणाले.

"बोडकी उतरली गुरं," बाबा म्हणाले.

"एक गाय गेली, बाबा. जुलैत. वीज पडली."

"गाय गेली असती तर तू जुलैतच सांगितलं असतंस."

मी त्यांच्या हातातलं फूल परत घ्यायला गेले; त्यांनी सोडलं नाही.

"तुझी आई की कासियान?"

"आई खाली आहे," मी म्हणाले. "बाकावर."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "वर बोलव तिला. गारठा पडलाय."

आई आली. श्टेकल उठले आणि भिंत धरत बाहेर गेले. बाबांनी सरकून खाटेवर तिला जागा करून दिली.

"लगेच गेला?"

"लगेच," आई म्हणाली.

ते खरं नव्हतं.

डिसेंबर. चौकात नाताळचा बाजार भरलाय, लोक गरम वाइनचे कप धरून उभे आहेत. आता आम्ही दोघी वर जातो. बाबा सूप पितात, गोळ्या घेतात. काल त्यांनी छातीवर हात ठेवला तेव्हा आई घाबरून उठली.

"बस गं," ते म्हणाले. "मेलं फुटतही नाही."

जूनमध्ये गुरं वर नेली तेव्हा कासियानने नवे बूट घातले होते, आणि ते चावतात म्हणून तो वाटभर कुरकुरत होता.