नाव न घेता

आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये असा एक ग्रुप असतोच, जिथे सकाळी सुविचार येतात आणि दुपारपर्यंत कुणाची तरी अब्रू जाते. या गल्लीतल्या आयांचाही एक होता. औषधांच्या दुकानातली फार्मासिस्ट, स्वतःही एका तान्ह्या बाळाची आई, त्यात सगळ्यांच्या भरवशाची. कुणाच्या बाळाला ताप आला की आधी हिला विचारायचं. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गल्लीत एक ताई पाळणाघर चालवायची. ती नेमाने दुकानातून झोपेचं औषध न्यायची. फार्मासिस्टच्या मनात पाल चुकचुकली. एवढी लहान मुलं, आणि दुपारी पाळणाघरातून हूं की चूं नाही? तिने ग्रुपवर लिहिलं, ‘नाव घेत नाही, पण एक पाळणाघरवाली सारखी झोपेचं औषध नेते. मुलांना जपा.’

नाव घेतलं नाही हे खरं. पण गल्लीत पाळणाघर होतं एकच!

पाहता पाहता पाळणाघर रिकामं झालं. कुणीतरी ताईच्या दारावर कोळशाने नको ते लिहिलं. मग एका दुपारी ताईची बहीण दुकानात आली आणि तिने तेच औषध मागितलं.

“हे कुणासाठी?” फार्मासिस्टने विचारलं.

“आमच्या वडिलांसाठी. अंथरुणाला खिळलेत, दुखण्यामुळे डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव आहे की त्यांचं.”

नाव होतं. पहिल्यापासून होतं. पण चिठ्ठी हातात आली की फार्मासिस्टची नजर सरळ औषधावर जायची. वरचं नाव तिने कधी वाचलंच नव्हतं.

“आणि मुलं इतकी शांत कशी असायची?”

“सकाळभर ताई त्यांच्याबरोबर अंगणात धावायची. दमलेली पोरं झोपणार नाहीत तर काय करतील? आता ती जेवत नाही, दार उघडत नाही. काल म्हणाली, मला जगायचंच नाही. तिला एकटं सोडायची भीती वाटते हो मला.”

फार्मासिस्टने घाईघाईने तो मेसेज पुसला, दुकान तसंच मदतनीस बाईवर सोडलं आणि यहुद्यांच्या प्रार्थनागृहात आपल्या रब्बींकडे धावली. धर्मगुरू असले तरी रब्बी त्या वेळी खुर्च्यांची धूळ झटकत होते. तिने रडत रडत सगळं सांगितलं.

“मी उपास करते, रब्बी. रोज प्रार्थना करते. देव मला माफ करेल ना?”

“देवाला कशाला मध्ये घेतेस?” रब्बी म्हणाले. “त्याच्याविरुद्ध चुकलीस तर तो माफ करेल. माणसाविरुद्ध चुकलीस, तर त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय देवाच्याही हातात काही नाही. आपले जुने जाणते हेच सांगून गेलेत.”

“मेसेज पुसलाय मी.”

“वाचणाऱ्यांच्या डोक्यातून कसा पुसशील? चारचौघांत माणसाची मान खाली घालायला लावणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. संशय येण्यात पाप नाही, मुली. तो तिला विचारायच्या आधी जगाला सांगितलास, तिथे चुकलीस.”

“तिने दार उघडलं नाही तर?”

“पुन्हा जा. नाहीच उघडलं तर तिसऱ्यांदा जा, पण तेव्हा माणसं घेऊन जा. चारचौघांत घेतलेली अब्रू कोपऱ्यात परत करता येत नाही.”

ती गेली. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेली तेव्हा आतून आवाज आला, “अजून काय राहिलंय घ्यायचं?” ती पायरीवरच रडत बसली.

शेवटी तिने ग्रुपवर लिहिलं, ‘ती पाळणाघरवाली म्हणजे आपली ताई. ती निर्दोष आहे. खोटं मी पसरवलं. माफी मागायला जाते आहे, माझ्याबरोबर चला.’ काही आया आल्या, खाली मान घालून. रब्बी मागे उभे राहिले. फार्मासिस्टने आपलं तान्हं बाळ कडेवर घेतलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आपली चूक सांगितली.

मग कडी निघाली!

ताई ओळखू येत नव्हती. गाल बसलेले, केस विस्कटलेले. “माफ करता येईल की नाही, ते आज नाही सांगता येत मला,” ती म्हणाली. मग तिचं लक्ष बाळाकडे गेलं. “किती वेळ उन्हात ठेवलंयत याला? आणा इकडे.”

फार्मासिस्टने बाळ तिच्या हातात दिलं आणि तिथेच हुंदके देऊ लागली.

वाचकहो, या ताईचं दार उघडलं. प्रत्येक दार उघडतंच असं नाही. म्हणून बोट मेसेजवर ठेवण्याआधी ज्याच्याविषयी लिहितो आहोत त्याच्याकडे जावं आणि सरळ विचारावं. तेव्हा त्याचं दार उघडंच असतं.