अण्णांचा वाकडा फेटा

उचगावच्या चौकात फ्लेक्स लागायला फारसं कारण लागत नाही. वाढदिवस झाला, नवी गाडी आली, कुणाच्या म्हशीनं स्पर्धेत नंबर काढला, काहीही चालतं. आकाराम चौगुल्यांना मित्र भरपूर होते, पण साठ वर्षांत फ्लेक्स लावण्याजोगं काही त्यांच्या हातून घडलं नव्हतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी तीस वर्षं साचे भरले आणि गुमान रिटायर झाले. आता यावर फ्लेक्स कसा लावणार?

तो यंदा लागला. बारा फूट बाय आठ फूट! पुतणीच्या लग्नातला गुलाबी फेट्यातला फोटो, त्यावर मागाहून चिकटवलेला गॉगल, आणि खाली मजकूर: ‘आता थेट मोठ्या पडद्यावर! अभिनयसम्राट आकारामअण्णा यांचे हार्दिक अभिनंदन.’ त्याखाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. त्यात तालमीचे अध्यक्ष हंबीरराव यांचा फोटो अण्णांच्या फोटोपेक्षा बोटभर मोठाच होता.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी कसबा बावड्याला उसाच्या फडाजवळ एका सिनेमाचं शूटिंग आलं होतं. त्या दिवशी अण्णा खरं तर बायकोला, धोंडुबाईंना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला दवाखान्यात नेणार होते. “आलोच” म्हणून ते शूटिंग बघायला गेले आणि थेट दिवेलागणीला उगवले. सिनेमावाल्यांनी त्यांना गर्दीतून उचललं होतं. डोक्याला एक मळका टॉवेल गुंडाळला, हातात कोयता दिला, आणि हिरो मोटरसायकलवरून गेला की “गेला की!” एवढं म्हणायला सांगितलं. अकरा वेळा म्हणून घेतलं. पुढं दोन वर्षं अण्णांनी ही हकीकत भेटेल त्याला सांगितली. टॉवेलाचं तेवढं कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. अभिनय म्हटल्यावर मळका टॉवेल बरा दिसत नाही.

धोंडुबाई त्या दिवशी शेजारच्या शालूबाईंना घेऊन दवाखान्यात गेल्या. ऑपरेशन झालं, नजर लख्ख झाली, पण सिनेमाचा विषय निघाला की त्या उठून चुलीकडं जायच्या. बाई सडेतोड. त्यांच्या तोंडून नवऱ्याचं कौतुक गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं आणि खोटं तर त्याहून नाही. मोबाईल त्यांनी घेतला नाही तो नाहीच. “ज्याला बोलायचं हाय त्यानं दारात यावं की,” असं त्यांचं म्हणणं. अण्णांकडं मात्र लेकीनं, स्वप्नालीनं, पुण्याहून पाठवलेला मोठा मोबाईल होता आणि त्यावरून ते रोज पहाटे दीडशे जणांना गुलाबाची फुलं पाठवायचे.

सिनेमा लागला त्या रविवारी दुपारच्या खेळाला चार वडाप जीपगाड्या भरून मंडळी कोल्हापुरात मॉलवर उतरली. सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीला शालूबाईंनी हात लावून नमस्कार केला आणि मगच पाय ठेवला. पायरी तोवर पुढं गेली होती, त्यामुळं त्यांना धरायला चौघं धावले. आत धोंडुबाई हट्टानं एकट्याच सगळ्यात पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. पदराखाली त्यांनी घरचं भडंग लपवून आणलं होतं.

“ध्यानात ठेवा,” हंबीररावांनी दिवे मालवायच्या आधी सगळ्यांना बजावलं. “अण्णा दिसलं की मोबाईल वर. आज गल्लीत सगळ्यांच्या स्टेटसला अण्णाच पायजेत!”

अर्धा तास सगळे दम धरून होते. मग पडद्यावर उसाचा फड आला, हिरोनं मोटरसायकलला किक मारली, आणि अण्णांना राहवेना.

“आलो! आलो!” ते ओरडले.

चाळीस मोबाईल एकदम वर गेले. त्यातल्या सात-आठांची बॅटरी लागली, ती थेट पडद्यावर. पुढच्यांचे हात आड आले म्हणून मागचे उभे राहिले, म्हणून त्यांच्या मागचे खुर्चीवर चढले. दारावरचा माणूस “शूटिंग बंद करा!” म्हणून कळवळून ओरडत होता. अण्णांनी स्वतःही मोबाईल उंच धरला होता आणि त्यांच्यासमोर हंबीररावांची पाठ होती. हात खाली आले तेव्हा पडद्यावर हिरो हिरॉईनबरोबर बर्फात नाचत होता.

मध्यंतरात सगळे माना खाली घालून आपापला मोबाईल बघू लागली. गल्लीतल्या जोतीरामच्या व्हिडिओत हंबीररावांचं कोपर होतं. हंबीररावांच्या व्हिडिओत शालूबाईंचा अंबाडा. अण्णांच्या मोबाईलचा कॅमेरा उलटा लागला होता, त्यात अण्णाच होते, पण खुर्चीतले, आ वासलेले.

“ह्ये तर आत्ताचं हाय,” जोतीराम म्हणाला. मग त्यानं हळूच विचारलं, “अण्णा, तुमी खरंच हाय न्हवं त्यात? का कापलं आसंल?”

फ्लेक्स आणखी आठ दिवस चौकात राहणार होता आणि अण्णांना दूध आणायला रोज त्याच्याखालूनच जावं लागणार होतं.

“वैनीकडं मोबाईल न्हाय!” हंबीरराव एकदम ओरडले.

सगळे धोंडुबाईंकडं वळले. त्या निवांत भडंग खात होत्या.

“वैनी, तुमी फुडं हुता. अण्णा दिसलं का?”

धोंडुबाईंनी घास गिळला. अण्णांनी नजर खाली घातली. ही बाई खोटं बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि दवाखान्याचा तो दिवस ती विसरली नाही हेही.

“दिसलं की,” धोंडुबाई म्हणाल्या. “न दिसायला काय झालं? डोळ्याचं आपरेशन झालंय माझं.”

“कसं दिसलं?”

“कसं दिसणार? फेटा वाकडा! येवढं सिनेमात जातंय माणूस, आरशात बघून तरी जावं का न्हाय?”

शिट्ट्यांनी मॉल दणाणला. धोंडुबाई नावं ठेवतायत म्हणजे अण्णा दिसलेच, यात कुणाला शंका उरली नाही. हंबीररावांनी अण्णांना उचलून घेतलं. उरलेला सिनेमा कुणी धड बघितला नाही.

परतताना वडापमध्ये अण्णा बायकोशेजारी बसले होते. हायवे लागेपर्यंत ते हवेतच होते. मग त्यांना टॉवेल आठवला.

फेटा कुठला? शूटिंगला तर त्यांच्या डोक्यावर टॉवेल होता!

गाडी चौकात वळली. समोर फ्लेक्सवर अण्णा, गुलाबी फेट्यात. फेटा खरंच जरा वाकडा होता. अण्णांनी धोंडुबाईंकडं पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या, जणू उचगाव पहिल्यांदाच पाहत होत्या. सीन कापला गेला होता, आणि ते जगात फक्त दोघांना माहीत होतं.

“अण्णा,” पुढच्या सीटवरून शालूबाईंनी वळून विचारलं, “फेटा कुणी बांधलेला वो?”

“माझा मीच,” अण्णा म्हणाले. “घाईत वाकडा झाला. त्या दिवशी हिला सोडून जायाला नको हुतं बघा.”

धोंडुबाईंनी बाहेर बघतच भडंगाची पिशवी त्यांच्यापुढं धरली.