आंदणातली उपळट

"आवडे, तुझ्या बापाचा चिखूल सरकारच्या गळ्यात मारला बग!"

खालापूरच्या कचेरीत बायकोचं शेत विकून परतलेल्या कोंडाजीने अंगणातूनच आरोळी ठोकली आणि दिसेल त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ओटीवर खसखस पिकली. आत चुलीपुढे आवडीचा भाकरीवरचा हात थांबला.

ते शेत तिला बापाने, हिरूने, लग्नात आंदण दिलेलं. नावच उपळट. पावसात तिथे जमिनीतून पाणी उपळायचं, लावलेलं भात कुजायचं, बैल पोटापर्यंत रुतायचे. हिरूने फसवलं, हे सासरी रोज उगाळलं जायचं. आपला बाप लबाड नव्हता, एवढं एकदा कुणीतरी म्हणावं, याखेरीज आवडीला काही नको होतं.

"बाबा सांगायचा, खाली लय पानी हाय," ती पुटपुटली.

"हाय ना! म्हनून तर बैल बुडत व्हते," सासू म्हणाली.

सरकारला तिथे गावविहीर खणायची होती. दिवस लढाईचे. थोडं खणल्यावर काळा कातळ लागला, सुरुंगाची दारू मिळेना, काम थांबलं, खड्डा तसाच राहिला. सरकारला हसायची संधी कोण सोडतो? चौक गावच्या बाजारात भेटेल तो कोंडाजीला विचारी, "सरकारचं भात कसं हाय रं यंदा?" कोंडाजी मिशीला पीळ देई. आवडी मात्र ती वाटच टाळू लागली.

लढाई संपली आणि सुरुंगवाले आले. कातळ फुटला. त्या वैशाखात गावच्या विहिरींचा तळ दिसत असताना उपळटीतल्या विहिरीला पुरुषभर पाणी चढलं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकाही कळश्या घेऊन लोटल्या. हसणारेही तिथलंच पाणी भरू लागले. कोंडाजी काही दिवस ओटीवरून हललाच नाही. मग एका सकाळी त्याने बैलगाडी जुंपली आणि सासऱ्याला घेऊन आला.

हिरू आता फार थकला होता. आवडीला मूलबाळ नव्हतं, आणि नातवंड झाल्याशिवाय बापाने लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. इतक्या वर्षांत तो जेव्हा जेव्हा आला, तेव्हा कोरड्या घशानेच परत गेला होता.

कोंडाजीने गाडी थेट विहिरीवर उभी केली. आवडी तिथेच पाणी शेंदत होती.

"मामा, तुमी फसवलं नव्हतं," तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला. "मलाच कळलं नाय. सोन्यासारखं शेत घालवलं मी."

आवडीने पदर तोंडात धरला. हिरू काठी टेकत पुढे आला, वाकून पाण्याकडे बघत राहिला.

"आता ही कुनाची रं, जावई?"

"सरकारची."

"माज्या लेकीची नाय ना?"

"नाय," कोंडाजीने मान खाली घातली.

"मंग दे गं पोरी पानी."

म्हातारा खाली बसला. आवडीने कळशी कलती केली. तो पीत होता, आणि त्याची ओंजळ भरून वाहू लागली तरी ती ओततच राहिली.