हर्षाने पाठवलेली दुरुस्ती

सुगतचं काम काय, हे अड्याळमध्ये कोणाला धड सांगता येत नसे. कोणी विचारलं तर त्याचे वडील यादोराव म्हणत, "पोरगा रेडिओचं काहीतरी लिहिते. साऱ्या जगात चालते, अन् फुकट देते." ते फारसं चूक नव्हतं. हवेतल्या रेडिओलहरी नोंदवल्या, की त्या कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कधी, कोणत्या यंत्राने घेतल्या हे सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहावं, असं एक मानक आहे. त्या मानकातल्या फाइली वाचणारी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा तयार कोड, सुगत नोकरी सांभाळून चालवायचा. ती कोणीही वापरावी, कोणीही चूक दाखवून दुरुस्ती पाठवावी. घ्यायची की नाही, ते सुगत ठरवणार.

भंडाऱ्याच्या एका कॉलेजने त्याला बोलावलं, तेव्हा यादोराव इस्त्रीचा सदरा घालून सोबत गेले आणि पहिल्या रांगेत बसले.

सुगत छान बोलला. शेवटी त्याने एका चुकीची हकीकत सांगितली. नोंद मध्येच थांबवून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सुरू केली, तर त्याची लायब्ररी त्या भागालाही पहिलीच फ्रिक्वेन्सी लावायची. फिनलंडच्या एका संशोधकाने ते शोधून दिलं. त्याचे भरभरून आभार मानलेलं पान सुगतने पडद्यावर दाखवलं. "इथं नाव-गाव कोणी विचारत नाही," तो म्हणाला.

मागून एक मुलगी उठली. "सर, मी हर्षा. चिखल्याची. ही चूक मी गेल्या वर्षीच पाठवली होती, दुरुस्तीसकट."

"पाहू ना," सुगत हसत म्हणाला आणि तिथेच शोधायला लागला. लगेच सापडली. वर मोडकंतोडकं इंग्रजी, खाली नेमकी तीच दुरुस्ती. आणि त्याखाली सुगतचं उत्तर: आधी मानक नीट वाचा, मग लिहा. विषय बंद.

"काय लिवलं हाय?" यादोरावांनी शेजारच्या प्राध्यापकांना विचारलं. ते हळू आवाजात मराठीत सांगत होते आणि वडील कान देऊन ऐकत होते. सुगतला ते दिसत होतं. पान बंद करावं एवढंही त्याला सुचेना.

"तुम्ही परत काहून नाही लिहिलं?" त्याने विचारलं. तोंडातून निघाल्याबरोबर त्याला त्या प्रश्नाची लाज वाटली.

"मले वाटलं, माह्याच फाइलीत गडबड असन," हर्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "प्रोजेक्टातून तेवढा भाग काढून टाकला, सर." आणि ती खाली बसली. कार्यक्रम संपल्याच्या टाळ्या पडल्या, त्या उगाचच लांबल्यासारख्या वाटल्या.

परतताना पहेल्याला ते चहाला थांबले.

"त्या पोरीले असं काहून लिवलंस?"

"घाईत होतो, बाबा."

"त्या फिनलंडवाल्याच्या वेळी घाई नव्हती?"

"तिचं इंग्रजी..." सुगतने वाक्य अर्ध्यात सोडलं. तिची दुरुस्ती त्याने उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

यादोरावांची सारी नोकरी एका बँकेत शिपाई म्हणून गेली होती. त्यांनी कप खाली ठेवला. "माह्या अर्जाचीबी साहेब एकच ओळ वाचत," ते म्हणाले.

घरी आल्याआल्या सुगतने ते आभारांचं पान उघडलं. ही चूक आधी हर्षाने शोधली होती, मी न वाचताच तिला उडवून लावलं, असं त्याने सर्वांना दिसेल असं लिहिलं. फिनलंडवाल्याच्या वर तिचं नाव घातलं. कॉलेजमधून नंबर घेऊन दुसऱ्या दिवशी फोन केला, माफी मागितली, आणि लायब्ररी सोबत चालवाल का, असं विचारलं.

"परीक्षा आहे, सर. मग पाहीन," हर्षा म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "पण तुम्ही बंद केलेल्या विषयांत माह्यासारखे आणखी असतीन ना?"

"असतील," सुगत म्हणाला.

"मग आधी ते पाहा ना, सर."

फोन ठेवून तो बंद केलेल्या विषयांकडे वळला आणि सर्वांत जुना उघडला. लागोसच्या कोणा माणसाने काहीतरी विचारलं होतं. त्याला सुगतने दिलेलं उत्तरही तसंच, एका ओळीत उडवून लावणारं होतं. ते टाळून पुढचं पान उघडावंसं सुगतला वाटलं. त्याने उघडलं नाही. त्या माणसाने काय लिहिलं होतं, ते तो सावकाश वाचू लागला.