दुसऱ्या भागासाठी वाढवलेली मिशी

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. माझे हसवायचे दिवस गेले. मी नाटकातली मिशी आहे. जुनी आहे, खोटी आहे आणि सध्या एका पत्र्याच्या डबीत आडवी पडून आहे.

खोटी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. खऱ्या मिशीला कसले आलेत कष्ट? माणूस झोपला तरी ती वाढते. मला मात्र टोप बनवणाऱ्या एका बाईंनी बारीक जाळीवर, आकड्यासारख्या सुईने, एकेक केस गाठ मारून घडवलं. शेवटी मला विंचरून त्या म्हणाल्या, "जा, कुणाच्या तरी नाकाखाली सुखाने नांद." लेकीला सासरी धाडतात तसं.

ते नाक एका नटाचं होतं. दिवसा तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता आणि संध्याकाळी नट. तोवर त्याला दार उघडणारा नोकर, तार आणणारा पोस्टमन आणि एकदा प्रेत, असली कामं मिळाली होती. प्रेताचं काम त्याने फार मन लावून केलं, असं त्याची बायको सांगते. पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला मोठी भूमिका आली होती. भाडेकरूंना छळणारा खडूस घरमालक!

पहिल्या प्रयोगाआधी तो आरशासमोर वाक्यं घोकण्यात इतका गुंग होता, की माझ्या डाव्या टोकाला गम लावायलाच विसरला. रंगमंचावर तो भाडेकरू बाईवर ओरडत होता, "माझ्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही!" आणि ओरडता ओरडता मी डावीकडून सुटले. एका बिजागरीवर लोंबणाऱ्या खिडकीसारखी लोंबायला लागले. त्याने बोटाने मला दाबून धरलं आणि तसाच ओरडत राहिला. समोरची नटी आपलं वाक्य विसरली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मालक, मिशीसुद्धा भाड्याचीच का हो?"

नाट्यगृह हसून हसून कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. त्या दिवसापासून आमच्या नटाला सगळे 'मालक'च म्हणू लागले.

पुढे त्याने एक पद्धत पाडली. डाव्या टोकाला गम मुद्दाम कमी लावायचा आणि कुणाला सांगायचं नाही. मी कधी पहिल्या अंकात सुटायचे, कधी शेवटी, कधी सुटायचेच नाही. त्यामुळे नटीला दर वेळी नवं उत्तर शोधावं लागे. एकदा ती म्हणाली, "मालक, हिला नोटीस दिलीत वाटतं?" एकदा ओरडली, "धरा, धरा! डिपॉझिट न घेता चाललीय!" मालकालाही हसू आवरेना. तो मला धरून पाठमोरा उभा राहिला आणि लोक त्याच्या हलणाऱ्या खांद्यांना हसले.

असे आमचे सोन्याचे दिवस होते. मग तुम्ही आलात, मित्रांनो. हो, तुम्हीच. भाजी घेताना, केस कापताना, दवाखान्याच्या रांगेत तुम्ही त्या बिचाऱ्याला गाठून विचारायचात, "दुसरा भाग कधी?" कसा हवा म्हटलं की सांगायचात, "अगदी तसाच. पण वेगळा." असली मागणी शिंप्याकडे केली असती तर त्याने कात्री फेकून मारली असती. आमचा निर्माता मात्र खूश झाला.

"सोपं आहे," तो म्हणाला. "लोकांना मिशी आवडली. मिशी मोठी करू."

"अहो साहेब," नटी म्हणाली, "ती पडणार की नाही हे आम्हालाच ठाऊक नसतं, म्हणून मजा येते."

"बाई, तुम्ही अभिनय करा. डोकं मी चालवतो."

आणि त्याने खरंच चालवलं! दुसऱ्या कुठल्याशा नाटकातल्या राजाची दाढी कापून माझ्या दोन्ही टोकांना चिकटवली. मालकाचे गाल दिसेनासे झाले. माझ्या डाव्या टोकाला काळा दोरा बांधला. ठरलेल्या वाक्याला विंगेतून व्यवस्थापक तो ओढणार आणि मी पडणार. पुन्हा चिकटवायची, पुन्हा पडायची. ही मिशी की पिकलेलं फळ?

मालकाने तर तालमी सुरू व्हायच्या आधीच कचेरीचा राजीनामा दिला.

"अहो, दुसरा भाग वाचलात तरी का?" बायकोने विचारलं.

"वाचायचं काय त्यात? घरमालकच तर आहे."

"मग मिशीलाच द्यायला लावा ना राजीनामा!"

तो हसला. ती हसली नाही. नाटक पडलं तर नवरा ना नट राहणार, ना कारकून, हे तिला दिसत होतं.

पहिल्या प्रयोगाला गर्दी मावेना. लोक कागदी मिशा लावून आले होते. मी पहिल्यांदा पडले तेव्हा नटीच्या आधी प्रेक्षकांनीच तिचं वाक्य म्हटलं. दुसऱ्यांदा पडले तेव्हा टाळ्या आल्या. तिसऱ्यांदा खोकले. त्यानंतर पुढच्या रांगेतल्या एक काकू नवऱ्याला म्हणाल्या, "झोपा खुशाल. पडली की उठवते."

बाहेर पडताना निम्मे लोक कुरकुरत होते, "पहिल्यासारखं नाही." उरलेले म्हणत होते, "छे, सगळं पहिल्यासारखंच!" दोन्ही खरं होतं, याचाच मला जास्त संताप येतो.

हळूहळू खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. निर्माता म्हणाला, "पडणं वाढवा." वाढवलं. खुर्च्या आणखी रिकाम्या झाल्या. कचेरीत मालकाच्या टेबलावर दुसराच कारकून बसला होता. मालक आरशासमोर मला लावताना माझ्याकडे बघेनासा झाला. शेवटी निर्मात्याने प्रयोग बंद करायचं ठरवलं.

शेवटच्या प्रयोगाला नेमका दोरा तुटला. व्यवस्थापकाने ओढला, तो नुसताच त्याच्या हातात आला. मी जागच्या जागी. पण नटी सवयीने बोलून गेली, "मालक, मिशीसुद्धा भाड्याचीच का हो?"

मालकाने मला चाचपून बघितलं. पडलेली नाही! त्याचे डोळे कित्येक दिवसांनी लकाकले.

"भाड्याची? घरची आहे, घरची! ओढून बघा!"

नटीने ओढलं. राजाची दाढी फर्रकन तिच्या हातात आली. मी तिथेच. मालकाने त्या झुपक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ती पोटभाडेकरू होती!"

नाट्यगृहात मूठभर माणसं होती, पण ती मूठभर माणसं पोट धरून हसली. उठवायची गरज कुणालाच पडली नाही.

पडदा पडताच निर्माता धावत आला. "सापडलं! मालक, सापडलं! तिसरा भाग! रोज ओढायची, रोज अर्धी तुटणार, रोज हेच वाक्य!"

मालकाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग तेलाचं बोट फिरवून, न ओढता, मला हळूच सोडवलं.

"साहेब, तिसरा भाग तुम्ही मिशीलाच घेऊन करा. मी नाही."

"अरे, मग खाशील काय?"

"बघतो."

"मीही नाही," नटी म्हणाली आणि झुपका निर्मात्याच्या हातात देऊन निघून गेली.

हल्ली मालक सकाळी औषधांच्या दुकानात उभा राहतो आणि संध्याकाळी एका छोट्या नाटकमंडळीच्या नव्या नाटकात काम करतो. त्यात तो बहिऱ्या बस कंडक्टरचं काम करतो. तोंड सफाचट. तिकीट खिडकीवर लोक विचारतात, "यात मिशी आहे का?" नाही म्हटलं की काहीजण परत जातात. काहीजण आत येतात. ते नाटक चालेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, तुम्ही आत जा. हसू आलं तर हसा, नाही आलं तर शिव्या घाला, त्या ऐकून घ्यायची त्याची तयारी आहे. आवडलंच, तर घरी जाऊन चार दिवस आठवत बसा. फक्त नाटक संपल्यावर रंगपटात घुसून "याचा पुढचा भाग कधी?" असं विचारू नका हो. आधी त्याला तोंड तरी धुऊ द्या.