वारा लागू नये म्हणून

मांडवीच्या त्या घरात वाऱ्याला बंदी होती. भाविका बाळंत होऊन घरी आली त्याच दिवशी तिच्या सासूने, गुणवंतीने, समुद्राकडच्या खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, शेगडीवर ओवा टाकला आणि मायलेकींची डोकी कान झाकून बांधली. एवढ्या धुरात मासळीसुद्धा सुकली असती, पण बोलणार कोण? भाविकाचा जीव नुसता गुदमरायचा.

वारा अडवला, माणसं मात्र मोकळी. नवऱ्याची, सूरजची, आत्या सावित्री मुरुडहून पोर बघायला आली, ती नाक ओढतच. हातानेच नाक पुसलं, त्याच हाताने पोरीला उचललं आणि गालांचे पटापट मुके घेतले.

भाविकाने हात पुढे केले. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सर्दी वाऱ्याने होत नाही. तिचे विषाणू असतात. सर्दी झालेल्याच्या शिंकेतून, हातांतून ते दुसऱ्याकडे जातात. कोंडलेल्या खोलीत तर जास्तच. एवढ्याशा बाळाचं नाक चोंदलं की त्याला दूध ओढता येत नाही."

"आत्या, द्या तिला. भुकेजली असेल," भाविका म्हणाली.

"आत्ताच तर प्यायली गो. ऱ्हाऊ दे माज्याजवळ," आत्या म्हणाली आणि पोरीच्या तोंडावरच शिंकली. जीव लावणारी बाई, पण माया काय हात धुऊन येते?

आत्या मुक्कामालाच राहिली. दोन-तीन दिवसांत पोरीचं नाक वाजू लागलं. छातीला तोंड लावायची, श्वासासाठी सोडायची आणि रडायची. उपाशी पोरीकडे बघून भाविकाही रडली.

गुणवंतीने वाऱ्याची वाट शोधायला घेतली. खिडकीखाली एक चिंधी पडलेली सापडली. धूर सोसवेना म्हणून भाविकानेच ती उपसली होती.

"बग, हितनं वारा आला! आपल्याच पोरीच्या जिवावर उठलीस?"

भाविकाला राहवेना. "वाऱ्यानं नाय, आई. आत्यांच्या सर्दीनं. डॉक्टरांनी सांगितलंय."

आत्याचे डोळे भरले. गुणवंती चिडली असती तर परवडलं असतं, ती घाबरली. "हिच्या डोक्यात वारा शिरलाय," ती पुटपुटली. "सूरज, पोर आत्याकडं दे. हिचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत तिकडंच ऱ्हाऊ दे."

सूरजने बायकोकडे न बघता पोर उचलली. शहाणा पुरुष!

दार लागलं. पलीकडे पोर रडत होती आणि आत्या खोकत खोकत तिला जोजवत होती. भाविका दाराशी उभी राहिली. खरं काय ते तिला ठाऊक होतं, पण खरं बोलून पोर हाती लागणार नव्हती.

"आई," तिने हाक मारली, "चुकलं माझं. वाराच लागला तिला. खिडकी खिळे मारून बंद करा. पण तिला माझ्याकडं द्या."

दार उघडलं. पोर कुशीत आली. सूरज हातोडी शोधायला गेला. मागोमाग आत्या उशी घेऊन आत आली.

"एकटी नको ऱ्हाऊस गो. मी निजते तुज्याजवळ."

भाविका पोरीला घेऊन भिंतीकडे सरकली आणि म्हणाली, "या."