हवालदार विठोजींचं फिट असणं

मनस्विनीला लहानपणापासून एक खोड होती. जे जुळत नाही त्याच्या हात धुऊन मागे लागायचं. आई म्हणायची, ही सासरी गेली तर पहिल्याच दिवशी देव्हाऱ्यातल्या देवांचीही चौकशी करील. सासरी ती अजून गेली नव्हती, पण बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत मेंदूंची चौकशी मात्र करू लागली होती. अभ्यास निवृत्त सैनिकांवरचा होता. त्यांची चिडचिड, विसराळूपणा, दचकणं यांतलं किती स्फोटाच्या हादऱ्यानं मेंदूला झालेल्या इजेचं आणि किती मनावरच्या घावाचं, ते शोधायचं होतं. त्यासाठी दोन गट केले होते. एक स्फोटात सापडलेल्यांचा आणि दुसरा, तुलनेसाठी, धडधाकटांचा.

या धडधाकटांत हवालदार विठोजी काही केल्या जुळत नव्हते.

विठोजी खानापूरकडचे. फौजेतून निवृत्त होऊन बंगळुरूलाच, बोम्मसंद्र्याला, मुलीकडे राहत. त्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं.

"डोकं दुखतं का?"

"न्हाई मॅडम, एकदम फिट."

"झोप?"

"फिट."

"कधी स्फोटात सापडलात?"

"न्हाई ओ. लढाईच बघितली न्हाई, खोटं कशाला बोलू?"

पण डोळे मिटून मऊ गादीवर उभं केलं की हे फिट हवालदार भिंत चाचपायचे. सांगितलेले शब्द थोड्या वेळानं विचारले की निम्मे गायब. स्कॅनमध्ये मात्र काहीच दिसलं नव्हतं. मनस्विनीनं त्यांना परत बोलावलं. ते मुलीला, शिवलीलाला, घेऊन आले आणि तिला बाहेर बाकावर बसवून एकटेच आत शिरले.

"मॅडम, फोटो साफ आलाय न्हवं? मग डोकं ठीक हाय एवढं लिहून द्या की. लेकीला दाखवायचंय."

"लेकीला कशाला?"

आढेवेढे घेऊन झाल्यावर शेवटी खरं कारण निघालं. नात दिव्यश्रीला शाळेतून आणायचं काम विठोजींचं. एके दिवशी वाटेत ते नागराजच्या बेकरीत पाव घ्यायला थांबले आणि नुसता पाव घेऊन घरी आले. पोरगी बेकरीच्या पायरीवर रडत बसली होती. तेव्हापासून शिवलीलानं ते काम शेजारच्या अक्कांकडे दिलं होतं.

"मी मुद्दाम बसवून आलतो तिला," विठोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लेकीला पटंना."

मनस्विनीला त्यांचं वाईट वाटलं. त्याहून जास्त कुतूहल वाटलं, आणि त्याची तिला जरा लाजही वाटली. मेंदूच्या तपासणीला यायचं आणि मेंदूबद्दल अवाक्षर काढायचं नाही! ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते का? तसं कारण तिला ठाऊक होतं. फौजेत डॉक्टरपुढे दुखणं काढलं की मेडिकल कॅटेगरी खाली जाते, आणि ती गेली की बढतीही अडते. वर्षानुवर्षं दरवर्षीच्या तपासणीत हा माणूस 'फिट' म्हणत आला होता, तो आता कसा सुधारणार? तेव्हा त्यांच्याबद्दल विचारायचंच तिनं सोडून दिलं.

"काका, तुम्ही फौजेत नव्या पोरांचे उस्ताद होतात ना? पोरांना काय शिकवायचात? परेड?"

"परेड कुठली? मॉर्टर!" विठोजी खुलले. "उखळी तोफ ओ, नुसती उभी नळी असत्या. वरनं गोळा सोडायचा, कान दाबायचं आणि वाकायचं. दिवसभर तेच."

"पोरांना त्रास नाही व्हायचा?"

"हुतोय की! उलट्या करायची. डोकं धरून बसायची. एक तर संध्याकाळी सोताची खाट विसरला बघा." ते पोट धरून हसले. "आमी म्हणायचो, ऊठ, कायबी झालं न्हाई."

"मग ती पोरं शिकून जायची?"

"जायची. नवीन यायची."

"आणि उस्ताद?"

"उस्ताद तोच की," विठोजी म्हणाले, आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं.

पोरं बदलत गेली होती, हादरे मात्र वर्षानुवर्षं या एकाच डोक्यानं खाल्ले होते, हे मनस्विनीच्या लक्षात आलं. स्फोट म्हणजे शत्रूचा, असं विचारताना ती धरून चालली होती, आणि सांगताना तेही. आपल्याच नळीतून निघतो त्याला स्फोट कोण म्हणतं?

"मला वाटायचं," विठोजी म्हणाले, "लढाई न बघता मी असा झालो, म्हंजे मन कच्चं माझं."

"मन कच्चं नाही, काका. नक्की गोळ्यांमुळेच झालं, असं आज सांगता येणार नाही. पण तुमचा गट बदलावा लागेल, आणि उपचारही करावे लागतील. ठीक आहे असं मात्र मी लिहून देऊ शकत नाही. फोटो साफ असला तरी ते खोटं होईल."

"म्हंजे नात गेली हातची."

मनस्विनीनं दार उघडून शिवलीलाला आत बोलावलं.

"काय निघालं?" शिवलीलानं विचारलं.

मनस्विनी बोलणार तोच विठोजी उठून उभे राहिले. त्यांनी शर्ट खाली ओढून सारखा केला.

"पोरीला मी मुद्दाम बसवलं न्हवतं, लीला. इसरलो हुतो. घरी येऊन पाव खाल्ला तरी ती आठवली न्हाई मला."

शिवलीला त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"इसरला म्हणून पोरगी काढून घेतली न्हाई मी, आप्पा," ती म्हणाली. "इसरलो म्हणून सांगत न्हवता, म्हणून काढली. आज सांगितलं न्हाई, तर उद्या परत इसरल्यावर कळायचं कसं मला?"

शिवलीलानं ओढणीनं डोळे पुसले आणि त्यांचा हात धरला.

"शाळा सुटायला अजून येळ हाय. चला, दोघं मिळून आणू तिला."